पाडव्याचा मुहूर्त

पायलट व्हायला निघालेल्या निवेदिताला घेऊन अप्पा गुढीपाडव्याच्या सकाळी तिसरं फ्लाइंग स्कूल बघायला आले. वाटेतच त्यांनी बजावलं होतं, "आता शंका पुरे. मुहूर्त चांगला आहे, आजच नाव घालून टाकू." हुबळीबाहेरच्या त्या माळावर संचालकानं अप्पांना "या अण्णा" म्हणत हाताला धरून आत नेलं, आणि निवेदितानं विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तो अप्पांकडं बघूनच देत राहिला.

"महिन्याला विमान किती तास चालवायला मिळेल?" तिनं पुन्हा विचारलं.

"अण्णा, पोरीला वकील करायचं होतं तुम्ही," तो हसला. "आमचं विमान जमिनीला टेकतंय कुठं? आज सकाळीच दोन पोरं फेरी मारून आली."

अप्पाही हसले, तशी निवेदिताच्या अंगाची लाही झाली. खुर्ची मागं ढकलून ती उठली आणि कुणाला न विचारता तरातरा शेडकडं चालू लागली. "मोठ्या माणसांसमोर ही काय रीत?" असं करवादत अप्पा तिच्यामागं धावले.

शेडमध्ये एकच विमान उभं होतं. त्याच्या नाकावरच्या पंख्याकडं बोट करून ती म्हणाली, "अप्पा, खंडेनवमीला आपल्या टेम्पोला घातलेला हार दुसऱ्या दिवशी बाजारात पोचेपर्यंत तरी टिकला होता का?"

 

पंख्याच्या दोन्ही पात्यांना गुंडाळलेला झेंडूचा हार वाळून काळा पडला होता. जागचा मात्र हलला नव्हता.