तुरीच्या वावराकडची ओढ

साधनाबाईची पिकअप तिसऱ्यांदा दारात आली, तेव्हा मालेगावच्या गुलाबराव मिस्त्रीचं डोकंच फिरलं. त्याने अलाइनमेंट केली होती, चाकं बदलून पाहिली होती, ब्रेकही खोलले होते. तरी सकाळी गाडी टमाट्यांसकट नालीत जाता जाता वाचली.

"कोणत्या बाजूले ओढते, नीट सांगा!"

"कधी डावीकडं, कधी उजवीकडं. तुमच्यानं होत नसन तं दुसऱ्याले दाखवीन."

"बसा गाडीत," तो चिडून म्हणाला.

किन्हीराजाच्या रस्त्यावर भर उन्हात स्टेअरिंग उजवीकडे ओढू लागलं. त्याने पुढे जाऊन गाडी वळवली. परतताना त्याच जागी ते डावीकडे ओढू लागलं.

म्हणजे दोन्ही वेळा ओढ एकाच वावराकडे होती. तिथे उभ्या तुरीशिवाय काहीच नव्हतं.

"असं कायले करून राह्यली ही?" त्याने इंजिन बंद केलं, जॅक लावून पुढची चाकं उचलली. अधांतरी चाकं हळूच वावराकडे वळली. त्याने ती हातांनी सरळ केली. ती पुन्हा वळली.

वैतागून तो पाना आणायला गाडीच्या मागे निघाला.

"मिस्त्री, तिकडं कुठं चालले?" साधनाबाईची हाक आली.

त्याने पाहिलं. रस्ता मागे राहिला होता आणि तुरीच्या शेंगा त्याच्या छातीला लागत होत्या. त्याने जवळचं झाड घट्ट धरलं.

तेवढ्यात साधनाबाई त्याच्या शेजारून पुढे गेली.

"भाऊ, धरा मले," ती म्हणाली, आणि चालतच राहिली.