कासवाचा चढ

तिसरा इंजेक्टर काही केल्या निघेना. सुनेने पाना बाजूला ठेवला, घाम पुसला आणि इंजिनालाच सुनावलं, "ये रे बाबा, ये! तुझ्या भावंडांनी इतके नखरे केले नाहीत."

"इतक्या वर्षांचा संसार आहे त्याचा तिथं," बॅटरीचा उजेड धरून उभे असलेले सासरे म्हणाले. "असा कसा उठेल?"

पिकअप सासरे चालवत, पण गाडी मालकाची. मालकाकडे अशा सात गाड्या होत्या आणि ही त्यांतली सगळ्यात संथ. गाडीला आणि तिच्या ड्रायव्हरला मिळून सगळ्यांनी एकच नाव ठेवलं होतं, कासव. टेकडीवरच्या शाळेत रोज सामान पोचवायचं आणि शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्या बायकोला सोबत न्यायचं, हा सासऱ्यांचा ठरलेला फेरा.

सुनेला गॅरेज उघडून वर्ष झालं होतं आणि गिऱ्हाईक म्हणाल तर माश्या. डिझेल इंजिन बाईच्या हाती द्यायला कुणी धजेना. शेवटी ती सरळ मालकाकडे गेली आणि सातही गाड्यांचं काम मागितलं. मालक पोट धरून हसला.

"बाई, आधी कासव पळवून दाखवा. शनिवारी, पूर्ण भरलेली गाडी, शाळेचा चढ, सहा मिनिटं. जमलं तर साती गाड्या तुमच्या. नाही जमलं तर शटर ओढा आणि घरी बसा. कासव जिंकतं म्हणे, पण ससा झोपला तर!"

तिने हो म्हटलं खरं, पण बाहेर आल्यावर शनिवारपर्यंतचे दिवस बोटांवर मोजले.

आधी गाडी होती तशीच भरून चढावर नेली. सासरे चालवत होते, ती घड्याळ घेऊन शेजारी. आठ मिनिटं लागली. वाटेत एक सायकलवाला पुढे निघून गेला, वर हात हलवून गेला मेला.

गॅरेजात तिने लॅपटॉप जोडला. "बाबा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा."

"थांब, मॅटखाली खडा आलाय." सासरे वाकले, मॅटखाली चाचपलं आणि हातात आलं ते खिशात टाकलं.

"आता खडेही जमवताय का?"

"असू दे गं. कधी काय कामाला येईल सांगता येत नाही." त्यांनी पाय दाबला. पडद्यावर आकडा आला, शंभर टक्के, म्हणजे पेडल तळापर्यंत जात होतं.

डिझेल फवारणारे जुने इंजेक्टर तपासले तर तसे बरे निघाले. मग गाडी इतकी मंद का? वय झालं असेल, तिने मनाची समजूत घातली. मोठ्या नोझलचे नवे चार बसवले, प्रत्येकाखाली तांब्याचा नवा वायसर घातला, प्रत्येकावरचा नंबर लॅपटॉपमध्ये भरला. मग ट्यूनिंग. डिझेल थोडं वाढवायचं, धूर बघायचा, परत कमी करायचं. दोन दिवस तिला जेवणाची शुद्ध नव्हती. तिच्या हिशेबाने वेळ सहाच्या जेमतेम आत येत होती. जीव टांगणीला लागला होता.

त्यात सासूबाई डबा घेऊन आल्या आणि बाकावर विणकाम काढून बसल्या.

"फार पळवू नकोस गं तिला," त्या म्हणाल्या. "मागची गाडी यांनी चढावरच्या वळणावर उलटवली, हात मोडला माझा. नंतर वर्षभर कुठल्याही गाडीत पाय ठेवला नाही मी. ही एकच अशी मिळाली की भीती वाटत नाही. पळायचं म्हटलं तरी तिला जमत नाही, बिचारीला. ही पण पळायला लागली तर मी आपली चालत जाईन."

सुनेला इकडे आड, तिकडे विहीर. पान्यांची पेटी उचलून ती परत गाडीखाली शिरली.

शनिवारी मालक घड्याळ घेऊन शाळेच्या फाटकाशी उभा राहिला. खाली सासऱ्यांनी गियर टाकला. पिकअप अशी उसळली की सुनेचं डोकं मागच्या काचेवर आपटलं. दुसरा गियर, तिसरा गियर, वळण, धूर नाही, धाप नाही. ती ओरडली, हसली, डॅशबोर्डवर थापा मारल्या. इतका आनंद तिला लग्नातही झाला नव्हता.

चार मिनिटं वीस सेकंद. मालकाने घड्याळ कानाला लावून पाहिलं.

"ससा झोपला नव्हता हं, मालक," ती म्हणाली.

मालकाने तिथल्या तिथे बाकीच्या सहा गाड्यांच्या चाव्या काढून दिल्या. "कधी नेताय, ताई?" आता बाईची ताई झाली होती. सासरे आपले कौतुकाने बघत राहिले.

सोमवारी सकाळी गॅरेजसमोर तीन पिकअप रांगेत उभ्या होत्या. एवढ्यात समोरून कासव गेलं. सासूबाई आत बसलेल्या. चला, चालत नाही निघाल्या! पण पुढच्या क्षणी गाडी चढाला लागली आणि रांगायला लागली. अगदी पूर्वीसारखी. सून हातातला पाना टाकून धावली आणि पायी धावून तिने गाडी गाठली, म्हणजे बघा!

"बाबा, थांबवा! इंजेक्टर गेला वाटतं!"

सासऱ्यांनी ब्रेक लावला. पलीकडे सासूबाईंच्या सुया चालूच होत्या, एक टाका चुकत नव्हता. "बघ, दोन दिवसांचं तारुण्य होतं तिचं," त्या समाधानाने म्हणाल्या.

सासऱ्यांनी सुनेकडे पाहिलं, मग हळूच आपल्या पायाकडे. तिने खिडकीतून आत वाकून बघितलं. ॲक्सिलरेटरखाली तो मॅटखालचा 'खडा' होता, लाकडाचा एक तुकडा, बोटभर जाडीचा, वर्षानुवर्षं पेडल अडवून झिजून गुळगुळीत झालेला.