आउट पंच

कुरकुंभच्या केमिकल कारखान्यात कैफ गेटवरच्या हजेरीची नवी यंत्रणा तपासत होता. काळ्या स्क्रीनवर कमांड लिहून सर्व्हरला विचारायचं आणि उत्तर वाचायचं, एवढंच काम. नमुन्याला कुणाचा तरी कामगार नंबर लागतो, म्हणून त्यानं तोंडपाठ असलेला अब्बांचा टाकला. अब्बा, म्हणजे सत्तारभाई, मागच्या उन्हाळ्यात इथंच, कामावर असताना वारले होते.

उत्तर आलं, ‘आत आहे.’

जुनी नोंद राहिली असेल म्हणून त्यानं ती पुसली. पुन्हा तेच उत्तर. शेवटी त्यानं सर्व्हरच बंद केला आणि त्या बंद सर्व्हरला विचारलं.

‘आत आहे.’

“संपतमामा, अब्बा अजून आतच दाखवतंय.”

शेजारच्या टेबलावरचा म्हातारा संपत मान न उचलता म्हणाला, “आउट पंच कुठं मारला त्यांनी? तू मार.”

कैफनं सर्व्हर चालू करून कमांड पाठवली. ‘बाहेर गेला.’ त्याला हायसं वाटलं.

सुटलेल्या पाळीची कंपनीची बस दौंडला, घराकडे पोचायच्या वेळेला कैफ अजून टेबलावरच होता, तेव्हा अम्मीचा फोन आला. ती अगदी हळू बोलत होती.

“कैफ, बाहेरच्या नळावर कुणीतरी पाय धुतंय. तुझे अब्बा ड्युटीवरून आल्यावर धुवायचे तसंच, लई येळ. केमिकलचा वासबी येतोय. दार उघडू का?”