बाग बंद व्हायच्या वेळी

सासूबाईंची चाकांची खुर्ची ढकलत सून शहराच्या मधोमध असलेल्या जुन्या, आखीवरेखीव बागेत आली. सासूबाईंना ही बाग आवडायची, म्हणून वृद्धाश्रमाचं इथेच सांगायचं तिने ठरवलं होतं. कारंज्यासमोरच्या बाकावर ती टेकली आणि शब्द जुळवता जुळवता तिचा डोळा लागला. जाग आली ती पहारेकऱ्याच्या आवाजाने. “आजी, बाग बंद करायचीय. यांना उठवा.” “थांबा हो जरा. कित्येक महिन्यांनी अशी झोपलीय.” सुनेने डोळे उघडले. ऊन केव्हाच उतरलं होतं. सासूबाईंची शाल तिच्या अंगावर होती. “आई, मला तुमच्याशी बोलायचं होतं.” “ठाऊक आहे. वृद्धाश्रमातून परवा फोन आला, तो मीच घेतला. खोली रिकामी झालीय म्हणे.” “मग?” “मी हो म्हणून सांगितलं.” सुनेला रडू यायला हवं होतं. आधी हायसं वाटलं आणि मागोमाग त्याचीच लाज वाटली.