गुप्त मतदान

"छडीवाले सर हवेत की नकोत?" नागरिकशास्त्राच्या तासाला बाईंनी आठवीच्या वर्गात गुप्त मतदान घेतलं. मोजणीही मुलांनीच केली. निकाल कळताच मुख्याध्यापकांचं पित्त खवळलं. त्यांनी मतपेटी बाईंसमोर आदळली.

"वर्गातलं प्रत्येक अक्षर तुम्ही ओळखता. 'नको' कोणाकोणाचं आहे ते सांगा, नाहीतर उद्यापासून येऊ नका."

बाईंची नोकरी अजून कायम व्हायची होती. त्यांनी मुकाट्याने चिठ्ठ्या टेबलावर ओतल्या आणि एकेक उलगडली.

सगळीकडे नुसते कोंबडीचे पाय. अख्ख्या वर्गाने डाव्या हाताने लिहिलं होतं.

"हे तुम्ही शिकवलंत?" मुख्याध्यापक कडाडले.

बाईंना हायसं वाटलं, पण मान काही वर होईना.

"नाही सर. मी तर म्हणाले होते, माझ्यावर विश्वास ठेवा."