उरलेले सहा शब्द

फोन धरणाच्या पाण्यात पडला आणि माझा नवरा निनाद मला घेऊन थेट त्याच्या बहिणीकडे आला.

ताईंनी परात उपडी केली. लग्नातल्या भांड्यांवर नाव घालतात ना, तसे तळाला इंग्रजी शब्द कोरलेले.

"कागद भिजतो, जळतो. स्टीलला काही होत नाही," निनाद शब्द उतरवून घेत म्हणाला. लेकीच्या शिक्षणासाठी साठवलेलं बिटकॉइन नव्या फोनवर परत मिळवायचं तर हे शब्दच हवेत. आणि ते ताईंकडे! आठ वर्षं संसार मी केला, किल्ली मात्र बहिणीकडे. आधीच या बाईंचं सगळं माझ्यापेक्षा सरस. गॅलरीतला मोगरा, चकल्या, ओट्यावरचा तो काचेच्या झाकणाचा मिसळणाचा डबासुद्धा.

"माझ्यावर विश्वास नव्हता, तर तसं सांगायचंस," मी ताईंसमोरच बोलले.

"अगं चारुता, बारा शब्द लागतात," ताई हसल्या. "माझ्याकडे सहाच आहेत, ते असून नसून सारखे. उरलेले सहा त्याने तुझ्याकडेच ठेवलेत, तुला न सांगता."

"माझ्याकडे? कुठे?"

"तुझ्या मिसळणाच्या डब्याच्या तळाला कोरलेत," निनाद म्हणाला. "तुझ्या आईने दिलेला. घरातलं दुसरं काहीही जाईल, तो डबा तू कुणाला द्यायची नाहीस."

माझी नजर ताईंच्या ओट्यावर गेली. स्वयंपाकघरात पाऊल न टाकणाऱ्या माझ्या नवऱ्याला कळलंच नव्हतं, की दिवाळीत तो डबा मी मोडीत घातला होता. अगदी ताईंसारखा, काचेच्या झाकणाचा, आणायला.