रविवारपर्यंत

"पहिलं बाळंतपण माहेरी. रीतच आहे आपली," यमुनाबाई म्हणाल्या आणि पदराने तोंड पुसलं. वटार गावच्या आपल्या वाडीतली केळी त्यांनी हॉस्पिटलच्या बाकावर बसूनच खाल्ली होती आणि सालं पायाने बाकाखाली सरकवली होती.

"रीत आहे हो विहीणबाई, पण ती बाळंतपणाची," सावित्रीबाईही तितक्याच गोड आवाजात म्हणाल्या. "हे दुखणं काही आमच्याकडचं नाही. आम्ही मुलगी दिली तेव्हा ती साधा चहासुद्धा घेत नव्हती."

दोघींच्या मधोमध सुरुची बसली होती. सातवा महिना. एका बाजूला सासू, दुसऱ्या बाजूला आई, आणि बोलणं सगळं तिच्या डोक्यावरून. तिचं नाक गळत होतं, पाठ घामाने भिजली होती आणि पाय आपसूक झटके मारत होते. नवरा, संकेत, समोरच उभा होता, मोबाईलमध्ये तोंड खुपसून.

दुखणं म्हणजे एका पावडरीचं व्यसन. क्रॅटम नावाच्या झाडाच्या पानांची, अफूसारखी सवय लावणारी पावडर. ऑफिसात पाठ धरायची म्हणून सुरू झालेली, ऑनलाइन येणारी, पाकिटावर 'हर्बल' लिहिलेली. दिवस राहिल्यावर तिने सोडून पाहिली. अंग असं काही पिळवटून निघालं की परत धरली आणि मेतकुटाच्या बरणीत लपवली. काल दुपारी सासऱ्यांनी तीच बरणी उघडून भातावर ओतली, वर तूप घातलं, कालवलं, आणि पहिल्याच घासाला थू थू करत ताटात थुंकले. झालं! तेव्हापासून बरणी यमुनाबाईंच्या ताब्यात होती.

डॉक्टर प्रिस्कांनी आत्ताच सगळ्यांना आत बोलावून समजावलं होतं. ओरडल्या नाहीत, नाक मुरडलं नाही. कालपासून तेवढं एकच माणूस सुरुचीशी माणसासारखं बोललं. पावडर अशी एकदम तोडायची नाही, बाळाला धोका होतो. घरच्या घरी प्रयोग करायचे नाहीत. आजच दाखल व्हायचं, औषध देऊन इथे आमच्या नजरेखाली हळूहळू उतरवू. जन्मल्यावर बाळावरही काही दिवस लक्ष ठेवावं लागेल, पण निभावतं सगळं. घरचं एक बाईमाणूस तेवढं सोबत राहू दे, त्या म्हणाल्या.

एवढंच मागितलं डॉक्टरबाईंनी. आणि त्यावरून हा तमाशा!

"मी इथे राहिले की गावभर होणार," यमुनाबाई म्हणाल्या. "काय सांगू लोकांना, सून गर्दुल्ली निघाली?"

"आणि आमच्या विरारच्या सोसायटीत काय आरती ओवाळणार आहेत?"

"आई," सुरुची म्हणाली, "मला भीती वाटतेय गं. सकाळपासून बाळ नुसतं तडफडतंय आत."

"हळू बोल. लोक बघतायत," सावित्रीबाई म्हणाल्या.

तेवढ्यात संकेतने मान वर केली. "अगं पण रविवारचं काय? डोहाळेजेवणाचं सगळ्यांना सांगून झालंय. हॉलवाला आत्ताच विचारतोय, झोपाळ्याला मोगरा लावू की झेंडू."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. आल्यापासून पहिल्यांदाच त्यांचं जमलं.

"रविवार होऊन जाऊ दे," यमुनाबाई म्हणाल्या.

"हो ना. नंतर बघू निवांत."

"पण अशी कशी बसवायची हिला झोपाळ्यावर? तोंड बघा कसं झालंय. व्हिडिओवाला यायचाय."

यमुनाबाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि पर्समधून बरणी काढली. 'ही घाण माझ्या घरात!' म्हणून काल जिच्या नावाने छाती बडवून घेतली, तीच. झाकण फिरवून त्यांनी ती सुनेच्या नाकाखाली धरली. कुजक्या गवतासारखा कडवट भपकारा आला.

"घे. रविवारपर्यंत घेत राहा थोडी थोडी. डॉक्टरच म्हणाल्या ना, एकदम तोडायची नाही म्हणून?"

सुरुचीने आईकडे पाहिलं. सावित्रीबाईंनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली, झाकण उघडलं आणि मुकाट्याने पुढे केली.

शी! सख्खी आई! सुरुचीला दोघींची अशी किळस आली की अंगावर काटा उभा राहिला. आणि त्याहून घाणेरडं म्हणजे तिच्या तोंडाला पाणी सुटलं. हात पुढे झाला, बोटं बरणीत गेलीसुद्धा. मग एकदम ती तिथल्या तिथे यमुनाबाईंच्या पायांवर भडभडून ओकली.

"अगं अगं, साडी! नवी आहे गं!"

सुरुचीने तोंड पुसलं. सासूच्या हातातून बरणी घेतली, झाकण घट्ट लावलं आणि ती भिंत धरत धरत वॉर्डच्या दारापर्यंत गेली. दारातल्या सिस्टरच्या हातात बरणी दिली.

"ही डॉक्टरांना द्या. मी मागेन, रडेन, शिव्या देईन, तरी मला परत देऊ नका. आणि आत घ्या मला."

सिस्टरने दार उघडून धरलं आणि तिच्या खांद्यावरून मागे पाहिलं. "सोबत कोण राहणार?"

दोघी बाकावरून उठल्या. संकेत रुमालाने आईची साडी पुसत होता.

"जा ना विहीणबाई. तुम्ही आई तिची."

"छे छे, असं कसं? तुमच्या घरची सून ती. मान तुमचा. आधी तुम्ही."

"नको नको, तुम्ही व्हा पुढे."

"अहो, खरंच, तुम्ही."

सिस्टर वाट बघत उभी होती. सुरुचीने आत पाऊल टाकलं, सिस्टरच्या हातातून दार सोडवून घेतलं आणि आतून ओढून लावून टाकलं.